लोखंडाचा कीस उचलायला घरगुती मॅग्नेट टूल – चिकटलेला कीस सोडवायचा कसा?

छोटा_लेथ:
मंडळी, घरच्या वर्कशॉपमध्ये लेथ, पिलर ड्रिल आणि बेंच ग्राइंडर आहे आणि खाली कायम कीस सांडलेला असतो. कितीही झाडलं तरी वाइसच्या बुडाशी, टी-स्लॉटमध्ये (मशीनच्या टेबलातल्या खाचांत) काहीतरी राहतंच, मग ते बुटाच्या तळव्यात रुतून घरात येतं, पोरं अनवाणी फिरतात म्हणून जास्त काळजी. जुन्या स्पीकरचं मोठं मॅग्नेट आणि बंद हार्ड डिस्कमधली काही मॅग्नेट पडून आहेत. स्पीकरचं काठीला बांधून फिरवलं तर उचलतं मस्त, पण सोडतच नाही, ओरबाडून काढताना बोटात कुसं घुसतात. हे सोडवायचं कसं? आणि जमिनीवर ढकलायचं चाकांचं करायचं असेल तर मॅग्नेट कशी बसवायची?

जुना_फिटर:
मॅग्नेट उघडं वापरूच नका. कीस मधल्या कव्हरला चिकटला पाहिजे, मग मॅग्नेट मागे ओढलं की तो गळून पडतो. घाईत असाल तर मॅग्नेटवर जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवा, काम झालं की पिशवी उलटी करत काढा, कीस आतच राहतो.

पण रोज वापरायचं असेल तर पीव्हीसी पाइपचा दट्ट्या करा. पाइपचं खालचं तोंड पातळ प्लॅस्टिकच्या चकतीने बंद करायचं. तयार मिळणारं जाड झाकण लावू नका, तेवढ्या जाडीतच निम्मी पकड जाते. आत लाकडी दांड्याच्या टोकाला मॅग्नेट, दांडा वरच्या झाकणातून बाहेर. आता बरेच जण इथे फसतात बघा: दट्ट्या वर ओढला की कीस खाली पडतच नाही, मॅग्नेटच्या मागोमाग पाइपच्या बाहेरून वर सरकत येतो. म्हणून तळापासून दोन-अडीच इंचावर पाइपला बाहेरून रुंद प्लॅस्टिकची कॉलर (गोल कड) चिकटवायची. कीस कॉलरला अडतो, मॅग्नेट तिच्या बरंच वर गेलं की सगळा डब्यात. कॉलर अरुंद ठेवली तर कीस तिला वळसा घालून वर येतो, तिथे कंजुषी नको.

वाइज_कानस:
फिटर दादांचं कॉलरचं शंभर टक्के बरोबर. मी चाकांच्या गाडीबद्दल लिहितो.

हार्ड डिस्कच्या मॅग्नेटला एकाच तोंडावर नॉर्थ आणि साउथ दोन्ही असतात, म्हणून चिकटतात जबरदस्त पण लांबून ओढत नाहीत. ती बेंचवर, खाचाखोचीत वापरा. जमिनीसाठी फेराइटचे (स्पीकरमधल्या काळ्या मॅग्नेटसारखे) मोठे ठोकळे किंवा रिंगा घ्या आणि एमएसच्या (साध्या पोलादाच्या) जाड पट्टीवर बसवा, मागे लोखंड असलं की पुढची ओढ वाढते. स्पीकरच्या मॅग्नेटला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या असतात आणि बरीचशी ताकद मधल्या फटीतच अडकते, वरची पट्टी काढली तर तोंड मोकळं होतं. पण हातोडा नको, फेराइट काचेसारखं तडकतं. जरा गरम करून गोंद मऊ करा आणि हळूच सुटं करा.

सगळ्यात महत्त्वाची उंची. अंतर थोडं वाढलं तरी ओढ झपाट्याने कमी होते, त्यामुळे जमिनीपासून ८-१० मिमी पुरे. चाकांच्या ब्रॅकेटला गोल भोकाऐवजी लांबट खाच पाडा म्हणजे वरखाली करता येईल. खाली ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि कीस सोडताना मॅग्नेटची पट्टी वर उचलायला हँडलला लिव्हर, बास.

कूलंट_टाकी:
थोडं सांभाळायचं सांगतो. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम याला चिकटणार नाही. ३०४ ग्रेडचं स्टेनलेसही नाही, पण कापताना ताण बसल्यामुळे त्याचा कीस कधीकधी हलकासा ओढला जातो. त्यामुळे मॅग्नेट फिरवलं म्हणजे जमीन साफ झाली असं समजू नका, मागून झाडू हवाच. साधं निओडिमियम (हार्ड डिस्कमधली मॅग्नेट याचीच असतात) ८० अंशांच्या वर तापलं की कायमचं कमजोर होतं, वेल्डिंगच्या गरम मण्यांसाठी फेराइटच बरं. व्हर्नियर (मोजायचं साधन), टॅप (आटे पाडायचं हत्यार), ड्रिल बिट या गाडीपासून लांब ठेवा, बिट मॅग्नेट झालं की कीस त्याच्या वळणदार खाचांमध्ये चिकटून राहतो. आणि लेथची लांब सुरळी मशीन बंद करून हुकनेच काढायची, हाताने नाही, मॅग्नेटनेही नाही.

छोटा_लेथ:
जबरदस्त माहिती, मनापासून धन्यवाद! दट्ट्या आधी करतो. अजून एक, ग्राइंडरची बारीक पूड एका उघड्या मॅग्नेटवर दाढीसारखी उभी राहिलीये, ती कशी काढू? आणि गोळा झालेली पूड एकाच डब्यात टाकली तर चालेल ना?

जुना_फिटर:
रुंद चिकट टेप दाबून उचला, बोट लावू नका. उरलेल्याला मळलेली पुट्टी थोपटा, तिच्यात रुतून येते. त्यानंतर लगेच पिशवी चढवून टाका.

कूलंट_टाकी:
डबा एकच नको. त्याच ग्राइंडरवर ॲल्युमिनियम घासत असाल तर आधी ते बंद करा, गंजलेल्या लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची बारीक पूड एकत्र आली आणि ठिणगी पडली तर भयानक तापमानाने पेटते, पाणी मारून विझत नाही. लोखंडाची पूड झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, तेलकट चिंध्या वेगळ्या डब्यात, आणि दोन्ही ग्राइंडरपासून लांब.