डोंगरवाटेवर टायर बदलण्यासाठी कोणता जॅक घ्यावा?

सांगलीकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे फोर-बाय-फोर गाडी आहे. तिला मागे सलग अ‍ॅक्सल (दोन्ही चाके एकाच आडव्या नळीवर) आणि पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे हलणारे) असून टायर 245/75 आर 16 या मापाचे आहेत. गेल्या जुलैमध्ये आम्ही चौघे आंबोलीहून चौकुळला गेलो होतो. तिथे एका स्नेह्याच्या घराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर जांभ्याची धारदार कड लागून मागच्या डाव्या टायरची बाजू चार बोटे चिरली. गाडीसोबतचा सिझर जॅक चॅसीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, लावून मी फिरवू लागलो, तर आधी त्याचे बूड चिखलात रुतत गेले. ते थांबल्यावर गाडीची बॉडी वर येऊ लागली, पण चाक मात्र जमिनीला चिकटूनच राहिले. आटे संपत आले तेव्हा जॅक किंचित कलला आणि गाडी एका बाजूला सरकू लागली. मी तत्काळ जॅक उतरवला. पुढे गावातल्या दोघांनी दाराची जुनी फळी आणि कुदळ आणून दिली, म्हणून अडीच तासांनी तरी आम्ही निघू शकलो.

आता स्वतःचा चांगला जॅक घ्यायचा आहे. हाय-लिफ्ट (उंच खांबावर सरकत चढणारा), बॉटल जॅक (तेलाच्या दाबावर चालणारा, बाटलीसारखा उभा) आणि धुराड्याच्या हवेवर फुगणारा एअर जॅक, असे तीन प्रकार माझ्या पाहण्यात आले. दुकानदार 5 टनांचा बॉटल जॅक घ्यायला सांगतो. गाडी सामानासह 2 टनांच्या आसपास भरेल. तिला इतक्या ताकदीचा जॅक खरोखर लागतो का?

गॅरेज, कराड

टनांचा विचार सगळ्यात शेवटी करावा. एक चाक उचलताना जॅकवर पूर्ण गाडीचे वजन येत नाही. तुमच्या गाडीत मागच्या एका चाकाचा वाटा साधारण 500 ते 600 किलोंचा असेल. म्हणजे 2 टनांचा जॅकही पुरतो. मी 3 टनांचा सुचवीन, तो ताकदीसाठी नव्हे, तर त्याचे बूड रुंद असते म्हणून.

जॅक निवडताना दोन मापे पाहावी लागतात. हवा जाऊन टायर पूर्ण बसल्यावर अ‍ॅक्सलच्या नळीखाली किती जागा उरते हे पहिले, कारण मिटलेला जॅक त्या जागेत शिरायला हवा. दुसरे म्हणजे हवा भरलेली स्टेपनी बसवण्यासाठी ती नळी जमिनीपासून किती उंच न्यावी लागते हे, कारण उघडलेला जॅक तिथपर्यंत पोहोचायला हवा. बहुतेक लोक टायरमध्ये हवा असताना माप घेतात आणि तिथेच फसतात, कारण तुमच्या मापाचा टायर पूर्ण बसला की अ‍ॅक्सल 10-11 सेंमी तरी खाली येतो. दुकानात नुसते 'किती टन' असे न विचारता मिटलेली आणि उघडलेली उंची विचारा, आणि शक्य असल्यास टेप लावून स्वतः मोजून घ्या.

तुमचे चाक का उचलले गेले नाही, तेही सांगतो. जॅक चॅसीखाली लावला की आधी स्प्रिंग मोकळी होत जाते आणि अ‍ॅक्सल खाली लोंबतो; ती पूर्ण ताणली गेल्यावरच चाक जमीन सोडते. जॅकची निम्मीअधिक उंची अशी स्प्रिंगमध्येच खर्च होते. तोच जॅक अ‍ॅक्सलखाली, चाकाच्या जवळ लावला, तर पहिल्या दांड्यापासून चाक वर येते आणि गाडी उंच न गेल्यामुळे डोलतही नाही. म्हणून मागच्या सलग अ‍ॅक्सलला बॉटल जॅकच घ्या. फक्त तो डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या) गोळ्याखाली न लावता नळीखाली लावा आणि ब्रेकचा पाइप किंवा एबीएसची वायर मध्ये येत नाही ना, ते हात फिरवून तपासा. जॅकचे डोके सपाट आणि जेमतेम 3 सेंमी रुंद असते, तर नळी गोल. त्यामुळे ती घसरू शकते. आमच्याकडे लोखंडी पट्टीची खोबणी असलेली सुटी टोपी करून देतात, तिच्यात नळी घट्ट बसते. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनसाठी मात्र गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेलीच जागा वापरा.

बॉटल जॅक गाडीत उभाच बांधून ठेवावा. आडवा पडून राहिला की तेल झिरपते, आत हवा शिरते आणि ऐन वेळी दांडा मारूनही रॅम (जॅकचा वर येणारा खांब) वर येत नाही. तसे झाल्यास उतरवण्याचा स्क्रू सैल करून रिकाम्या जॅकला दहा-पंधरा दांडे मारावेत आणि मग स्क्रू आवळावा. बहुधा तेवढ्याने काम होते.

मस्कतवासी

मी मूळचा साताऱ्याचा असून बारा वर्षे ओमानमध्ये आहे. आमच्या गटात दोघांकडे एअर जॅक आहेत आणि वाळूत ते फारच उपयोगी पडतात. पिशवी रुंद असल्यामुळे ती रुतत नाही, आणि गाडी पोटावर टेकली असेल तरी तिच्याखाली पिशवी सरकवता येते. तुमच्या वाटांसाठी मात्र मी तो घेणार नाही. जांभ्याची कड किंवा करवंदाच्या जाळीतला काटा पिशवीला टोचला तर ती फाटेल, शिवाय चिखलाने ओल्या झालेल्या बॉडीवरून ती घसरण्याची भीती वेगळीच. वाळूतसुद्धा आम्ही जॅकखाली फळी घालतोच. मऊ जमिनीत जॅक कोणत्या जातीचा आहे यापेक्षा त्याचे वजन किती जागेवर पसरते आहे, यावर सगळे अवलंबून असते.

सांगलीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. हाय-लिफ्टबद्दल कोणी स्वानुभवाने सांगू शकेल का? एका मित्राचा त्यासाठी फार आग्रह आहे.

घाटवाट

माझ्याकडे 48 इंची हाय-लिफ्ट सहा वर्षांपासून आहे आणि चिखलातून गाडी ओढून काढण्यासाठी मी तो आनंदाने वापरतो. टायर बदलण्यासाठी तो घेऊ नका. त्याची जीभ अडकवायला लोखंडी बंपर किंवा चॅसीला जोडलेले मजबूत रॉक स्लायडर (दारांखालच्या लोखंडी नळ्या) लागतात. प्लॅस्टिकच्या बंपरवर तो लावताच येत नाही. तो गाडी बाजूने आणि उंच उचलतो, त्यामुळे चाक सुटेपर्यंत स्प्रिंगची सगळी लांबी भरून काढावी लागते आणि तोवर गाडी त्या बारीक खांबावर डुलत असते. उतरवताना दांडा हातातून निसटला तर तो वरखाली आपटत राहतो; त्या आपटण्यात जबडा फुटलेला माणूस मी पाहिला आहे. घेतलाच, तर दांड्याच्या मार्गात डोके कधीही येऊ देऊ नका. वजनही सुमारे 13 किलो भरते, ते रोज वाहावे लागते.

आणखी एक गोष्ट, जी जॅकइतकीच महत्त्वाची आहे. गाडी केवळ गिअरमध्ये टाकून मागचे एक चाक उचलले, तर डिफरन्शियलमुळे उचललेले चाक मोकळे फिरू शकते आणि उतारावर गिअर गाडीला धरून ठेवत नाही. हँडब्रेक ओढा, फोर-व्हील ड्राइव्ह लावून मगच गिअर टाका, म्हणजे पुढची चाकेही धरून राहतील, आणि उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. काढलेले चाक लगेच चॅसीखाली आडवे सरकवून ठेवा. जॅक निसटलाच, तर गाडी त्या चाकावर टेकेल, कोणाच्या हातावर नाही.

सांगलीकर

रविवारी अंगणात प्रयोग करून पाहिला, तो सविस्तर लिहितो. मागच्या टायरचा व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण जाऊ दिली, तेव्हा नळीखाली 21.5 सेंमी जागा उरली. भरलेली स्टेपनी बसवायला नळी 37 सेंमीपर्यंत न्यावी लागली. 3 टनांचा जो जॅक घेतला, तो मिटलेला 19.5 आणि वरचा स्क्रू पूर्ण उघडल्यावर 37.5 सेंमी आहे. म्हणजे पक्क्या जमिनीवर तो बरोबर बसतो. दुकानदाराचा 5 टनांचा जॅक मिटलेलाच 21 सेंमी होता. त्याच्याखाली फळी घालायला जागाच उरली नसती.

चिखलासाठी 18 मिमी प्लायचे एक फूट चौरस असे तीन तुकडे कापून घेतले. बसलेले चाक आधी एका तुकड्यावर चढवायचे आणि उरलेले दोन एकावर एक ठेवून त्यांवर जॅक उभा करायचा. मग नळीखाली 23.3 सेंमी जागा मिळते आणि फळ्यांसह जॅक 23.1 सेंमी होतो. अवघ्या दोन मिलिमीटरचा फरक आहे, पण दोन वेळा करून पाहिले आणि दोन्ही वेळा जॅक अडखळला नाही. पत्नीनेही एकदा संपूर्ण चाक बदलले. तिच्या लक्षात आले की जड स्टेपनी हातांनी उचलण्याऐवजी फावड्याचे पाते तिच्याखाली सरकवून दांडा पायाने दाबला, तर स्टडची भोके अलगद जुळतात. खोबणीची टोपी कराडलाच करून घेईन. पुढच्या शनिवारी गॅरेज उघडे असेल का, ते कृपया कळवावे.

गॅरेज, कराड

उघडे आहे, दुपारी दोनपर्यंत या. येताना जॅक सोबत आणा, म्हणजे टोपी त्याच्या डोक्याच्या मापाने करता येईल. अंगणात बदललेल्या चाकाचे नटही इथे पुन्हा आवळून पाहू; तेवढ्या प्रवासानंतर ते थोडे सैल झालेले असू शकतात.