बारावीचा इतिहास घरून, ऑनलाइन: मुक्त विद्यालय की १७ नंबर फॉर्म?

माणगावकरीण:
माझी भाची यंदा दहावी झाली. कुडाळजवळच्या गावात राहते. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात फक्त विज्ञान आणि वाणिज्य आहे, तिला मात्र इतिहासच घ्यायचाय. शाळा मराठी माध्यमाची, घरी नेट बरं चालतं. घरून अभ्यास करून बारावी करता येईल का? कोणी केलंय?

सांजवारा:
मी नोकरी करत एनआयओएसमधून केली, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयातून. इतिहासाचा कोड ३१५. नोंदणी ५ वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या ९ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. गृहपाठाला, म्हणजे टीएमएला, २० टक्के गुण असतात, तो मुळीच चुकवू नये. अभ्यास ऑनलाइन झाला तरी पेपर केंद्रावर जाऊनच लिहायचा. पुस्तकं मी हिंदीतून वाचली.

जुनी पेठ:
ताई, तिला हिंदी-इंग्रजीतून पानंच्या पानं लिहायची सवय नसेल तर मी राज्य मंडळच सुचवेन. इतिहासात उत्तर लिहिणं हाच निम्मा अभ्यास. १७ नंबर फॉर्म भरून, रोज कॉलेजला न जाता, बारावीला खाजगी बसता येतं. त्याला दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर लागतं, पण अकरावी-बारावीला एरवीही दोन वर्षं लागतातच, म्हणजे तिचं वर्ष वाया जात नाही. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत.

आणि नुसते व्हिडिओ बघू देऊ नका! मी अनेक वर्षं बारावीला इतिहास शिकवला. ऐकलेलं सगळं कळल्यासारखं वाटतं, पण कागदावर उतरत नाही. बारावीत 'वसाहतवाद आणि मराठे' असा धडा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. १८०२ मध्ये त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. मधल्या त्रेसष्ट वर्षांत काय बिघडलं, हे तिला पुस्तक मिटून पानभर लिहायला सांगा. पानिपत येईल, नारायणरावांचा खून येईल, शिंदे-होळकरांचं वैर येईल. पहिल्यांदा चार ओळीच लिहील, लिहू दे. अशी आठवड्याला दोन उत्तरं कुणीतरी वाचायला हवीत. गावात निवृत्त गुरुजी असतील तर त्यांना विचारा, नाहीतर फोटो काढून मला पाठवा, मी तपासून देईन.

सांजवारा:
माध्यमाचं पटलं. ती कुडाळची, तर वेंगुर्ल्याची डच वखार तिला जवळच. युरोपीय वसाहतवादाचा धडा वाचला की एकदा घेऊन जा. डच, पोर्तुगीज, इंग्रज यांच्यात माझा फार गोंधळ व्हायचा. भिंतीवर नकाशा लावून कोणाची वखार कुठे ते खुणा करत गेले, तेव्हा सुटला.

माणगावकरीण:
दोघांचेही मनापासून आभार. १७ नंबरचंच ठरवतोय. सर, अकरावीचं पुस्तकही नीट करून घ्यायचं का, की थेट बारावीचं?

जुनी पेठ:
अकरावीचं आधी. परीक्षेला नसलं तरी हडप्पापासून मध्ययुगापर्यंतचा पाया तिथेच आहे. दिवाळीपर्यंत ते वाचून होईल.