डीजी (डिझेल जनरेटर) ऑपरेटर: कोर्स करून की मिस्त्रीच्या हाताखाली?

सेल्फस्टार्ट_सातारा
काल इथे एकाने लिहिलं, "डीजी चालवायला कोर्स कशाला? किल्ली फिरवायची, तेल-पाणी बघायचं. पंधरा दिवस मिस्त्रीबरोबर फिरला की पोरगा तयार." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

२२ वर्षं डीजी सर्व्हिसमध्ये आहे. गेल्या पावसाळ्यात कोकणातल्या एका दवाखान्यातून फोन आला. १२५ केव्हीएचा सेट, इंजिन १५०० आरपीएमला मस्त चालतंय, पण व्होल्टेज नाही. तिथल्या पंधरा दिवसवाल्या पोराने आधी एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं कार्ड) बदलला, मग दुसरा बदलला, आणि आता अल्टरनेटर (इंजिनला जोडलेला वीज तयार करणारा भाग) रिवाइंडिंगला पाठवायचं चाललं होतं. टेम्पोसुद्धा बोलावलेला. मी मीटर लावला. रेसिड्यूअल व्होल्टेज, म्हणजे उरलेल्या मॅग्नेटिझमवर सुरुवातीला येणारं थोडंसं व्होल्टेज, जवळपास शून्य. सेट चार महिने बंद होता, त्यातलं मॅग्नेटिझम गेलं होतं. फील्डच्या (मॅग्नेटिझम तयार करणाऱ्या कॉइलच्या) दोन वायरी एव्हीआरपासून सोडवल्या, पोलॅरिटी बघून १२ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवली, वायरी परत जोडल्या आणि सेट चालू केला. काटा ४१५ वर जाऊन उभा राहिला.

तो पोरगा आळशी नव्हता. पार्ट कसा बदलायचा हे त्याला दाखवलं होतं, आधी काय मोजायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं.

जुना_मिस्त्री
ते वाक्य माझंच, आणि ते मागे घेणार नाही. आता कोर्सवाल्याचं ऐका. अल्टरनेटरला ओल लागली असेल म्हणून एका कारखान्यात सर्टिफिकेटवाल्या मुलाने ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला. एव्हीआर सोडवला नाही, रोटेटिंग डायोड शॉर्ट केले नाहीत. रीडिंग वहीत अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि मेगरच्या व्होल्टेजने एव्हीआर गेला. भरपाई ठेकेदाराने माझ्या बिलातून कापली.

मी पोराला आधी डिपस्टिक काढायला लावतो. तेल दोन बोटांत चोळ, वास घे. दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, सेट चालू करायचा नाही. धूर काळा आला तर एअर फिल्टर बघ, नाहीतर लोड जास्त आहे. निळा आला तर तेल जळतंय. हे फळ्यावर कसं शिकवणार?

शिल्पनिदेशक
मिस्त्री, मेगरची चूक माझ्यासारख्या शिकवणाऱ्याची. मान्य. पण अडचण मुळात वेगळी आहे. डिझेल मेकॅनिक हा आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, आणि जनरेटर बरोबर दोघांच्या मध्ये पडतो. डिझेलवाला कपलिंगच्या (इंजिन-अल्टरनेटरच्या जोडाच्या) पुढे हात लावत नाही, इलेक्ट्रिशियनला गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) माहीत नाही. फ्रिक्वेन्सी कमी झाली की एकजण एव्हीआरकडे बोट दाखवतो, दुसरा वायरिंगकडे. आणि बहुतेक वेळा डिझेल फिल्टर चोक होऊन इंजिनचा वेगच पडलेला असतो!

मी मुद्दाम बिघाड करून ठेवतो. ऑइल प्रेशर स्विचची वायर ढिली करतो, बॅटरीचं एक टर्मिनल सैल ठेवतो, डिझेल लाइनमध्ये हवा सोडतो. मुलं पहिले दोन दिवस वैतागतात. तिसऱ्या दिवशी त्यातलाच एखादा सर्किट डायग्राम उघडून बसतो. पण यासाठी वेळ फार कमी मिळतो मला, बाकी वेळ परीक्षेच्या तयारीत जातो.

सोसायटी_सेक्रेटरी_ठाणे
हे सगळं ठीक, पण आमच्याकडे दर शनिवारी माणूस येतो, दहा मिनिटं रिकामा सेट चालवतो, सही घेतो, जातो. लाइट गेली त्या दिवशी सेटने पाच मिनिटांत मान टाकली. एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) पैसे कशाचे घेता?

सेल्फस्टार्ट_सातारा
रिकामा चालवला म्हणूनच. ३० टक्क्यांखाली लोड ठेवून पुन्हा पुन्हा चालवलं की डिझेल पूर्ण जळत नाही, एक्झॉस्टमधून काळं चिकट गळतं. शनिवारी निदान लिफ्ट आणि पंप तरी सेटवर घ्या.

सोसायटी_सेक्रेटरी_ठाणे
चेंजओव्हर (मेनवरून सेटवर घ्यायचा स्विच) वॉचमन करतो. आता वॉचमनलाही कोर्स?

लाइनमन_बुलढाणा
हो, वॉचमनलाही! कोर्स, मिस्त्री, एव्हीआर यावर तुमचं निवांत चाललंय, म्हणून बोलतो. २००६ साल, लोडशेडिंगचे दिवस. गावातल्या गिरणीवाल्याने भाड्याचा जनरेटर आणून चेंजओव्हर न लावताच मेनला जोडला. आम्ही डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) फ्यूज काढून एलटीच्या (कमी दाबाच्या लाइनच्या) खांबावर काम करत होतो. गिरणी सुरू झाली आणि रिटर्न सप्लाय आला, म्हणजे जनरेटरची वीज उलटी लाइनवर. माझा जोडीदार खांबावरून खाली पडला. कंबर गेली. आज घरी बसून आहे. जनरेटर जोडणारा होता तुमचा पंधरा दिवसवालाच, मिस्त्री.

जुना_मिस्त्री
वाईट झालं. पण भाऊ, डिस्चार्ज रॉड (लाइन जमिनीला जोडायचा दांडा) न टाकता खांबावर चढायचंच कशाला? एलटीवरही रॉड लावूनच काम करायचं असतं.

लाइनमन_बुलढाणा
रॉड सेक्शनला एकच होता, तो त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेलेला. आणि साहेबांचे फोन, "दहा मिनिटांत सप्लाय द्या." पडलेल्यालाच वर विचारता, चढला कशाला? जोडीदाराच्या घरी येऊन बोलून दाखवा हे.

सेल्फस्टार्ट_सातारा
मिस्त्री, हे तुम्ही बोलायला नको होतं. चेंजओव्हर न बघता जो सेट मेनला जोडतो, त्याची चूक आधी येते.

जुना_मिस्त्री
चुकलो. लाइनमन भाऊ, माफ करा. माझ्या पोरांना मी चेंजओव्हर दाखवतो, पण तो का, हे सांगत नाही. तुमच्या जोडीदाराची गोष्ट त्यांना सांगीन, नाव न घेता.

पंप_ऑपरेटर
पगाराचं कुणीच बोलत नाही. डीजी ऑपरेटर म्हणून लावतात आणि झाडांना पाणी घालणं, पार्किंग बघणं, सगळं करून घेतात. शिकलेला मुलगा सहा महिन्यांत पळतो. मग पुन्हा पंधरा दिवसवाला.

सेल्फस्टार्ट_सातारा
शंभर टक्के. त्यात १ जुलै २०२३ पासूनचे सीपीसीबी-४ प्लसवाले (धुराच्या नव्या कडक नियमांचे) सेट. इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आला, सेन्सर आले. परवा एक पोरगा स्क्रीनवरचा कोड वाचून सेन्सर बदलायला निघाला. प्लग काढून पाहिला तर पिनेला गंज. कोड सर्किट दाखवतो, बिघाड नेमका कुठे ते मीटरनेच कळतं.

जुना_मिस्त्री
या नव्या सेटपुढे मीही अडतो, हे लिहून टाकतो. निदेशक, माझ्या शेडमध्ये एक ६२ केव्हीएचा जुना सेट पडलाय. तुमची मुलं रविवारी पाठवा. पाच बिघाड मी करून ठेवतो. मेगर मात्र त्यांच्या हाती लगेच देणार नाही.

शिल्पनिदेशक
आठ मुलं आणतो. पहिला तास चेंजओव्हर आणि अर्थिंग. न्यूट्रलच्या दोन आणि बॉडीच्या दोन अर्थ पट्ट्या प्रत्येकाने हात लावून शोधायच्या, सेट बंद असताना. लाइनमन दादा, फोनवर मुलांशी बोलाल का?

लाइनमन_बुलढाणा
रविवारी ड्यूटी आहे. दुपारी दोननंतर करा.