इंग्रजी व्याकरण शिकवताना मदत हवी आहे: लिंकिंग क्रियापद (कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारं) ओळखायला 'इज' घालून पाहायची युक्ती अडते तिथे काय करावं?

डिचोलीकडची आठवीची मुलं 'द मँगो टेस्ट्स स्वीट'ऐवजी 'स्वीटली' लिहितात. कारण उघड आहे: मराठीत 'मानकुराद आंबा गोड लागतो' आणि 'ती गोड गाते', दोन्हीकडे 'गोड' तसाच. त्यावर युक्ती अशी: क्रियापदाच्या जागी 'इज' घालायचं, अर्थ टिकला तर लिंकिंग, पुढे विशेषण. लुक, स्मेल, सीमला हे छान चालतं. 'शी टेस्टेड द करी'त 'वॉज' घातलं की बाईचीच करी होते, मुलं लगेच ओळखतात.

घोडं अडतं 'द मिल्क वेंट सावर'पाशी. तिथे 'बिकेम' घालायला सांगता येतं. पण 'ही डाइड यंग'? 'वॉज' चक्क बसतं, तरी डाय लिंकिंग नाही. 'यंग' काढलं तरी मरण तेच. 'ही लुक्ड टायर्ड'मधलं 'टायर्ड' काढलं, तर दिसण्याचं पाहणं होतं. हा फरक आठवीला कसा शिकवता? वाक्यांच्या जोड्या असतील तर द्या.