स्पॅनिशमध्ये छंदाबद्दल भरभरून कसं बोलायचं?

गडवाट_पुणे
डेले ए२ची, म्हणजे स्पॅनिशच्या प्राथमिक पातळीची परीक्षा दीड महिन्यावर आलीये. लेखी ठीक आहे पण तोंडीमध्ये छंदावर बोलायला लागलो की माझी गाडी 'मे गुस्ता एल सेन्देरिस्मो' म्हणजे मला ट्रेकिंग आवडतं इथेच थांबते, पुढे नुसतं मुचो मुचो. आमच्या बाई म्हणतात वाक्य बरोबर आहे पण यातून तुझं वेड दिसत नाही. आठ वर्षं दर पावसाळ्यात राजगड करतोय, ते वेड सांगायला कोणते शब्द वापरतात लोक?

वालेन्सियाकर
इथे राहून कानावर पडतं ते सांगते. गुस्ताच्या वरची पायरी एन्कान्ता, पण त्याला मुचो लावायचं नाही हं, कारण 'खूप' त्यातच आलेलं असतं. त्याहून वर 'मे आपासिओना', हे परीक्षेतही छान दिसतं. मित्रांमध्ये मात्र सगळे 'मे मोला', 'मे फ्लिपा' म्हणतात, पण ते स्पेनचं बोलणं, मेक्सिकोत 'मे लाते' आणि अर्जेंटिनात 'मे कोपा' ऐकशील.
आणि रविवारच्या ट्रेकची उत्सुकता सांगताना 'एस्तोय एक्सितादो' अजिबात नको, त्याचा अर्थ पटकन लैंगिक होतो. 'तेंगो मूचास गानास दे इर' म्हण, जायची फार इच्छा आहे, किंवा इथल्यासारखं 'मे आथे मूचा इलुसिओन'.

शिकवतो_स्पॅनिश
वरचं सगळं बरोबर. मला एकच सांगायचंय, इंग्रजीतून विचार करू नकोस रे, मराठीतून कर! इंग्रजीवाल्यांना गुस्तार (गुस्ताचं मूळ क्रियापद) जड जातं, आपल्याकडे तर घडणच तीच आहे. मला गड आवडतो, मला गड आवडतात, तसंच मे गुस्ता एल फुएर्ते, मे गुस्तान लोस फुएर्तेस, क्रियापद आवडणाऱ्या गोष्टीमागे जातं. 'गायला आणि नाचायला आवडतं' मध्ये आपण एकवचनच ठेवतो ना, तिथेही 'मे गुस्ता कान्तार इ बाइलार'. कोणी म्हणालं मला ट्रेकिंग आवडतं तर तू 'मीही' म्हणशील का? 'मलाही' म्हणशील, म्हणून 'आ मी ताम्बिएन', 'यो ताम्बिएन' नाही. वर्गात हे सांगितलं की मुलांचे चेहरे उजळतात, मला दर बॅचला तितकाच आनंद होतो.
'मे गुस्तास' सुद्धा 'मला तू आवडतेस' सारखंच आहे, प्रेमाचंच. नुसतं माणूस छान वाटतो म्हणायला 'मे काएस बिएन'.
फरक फक्त नामाआधी लागणाऱ्या एल-लाचा (इंग्रजीतल्या 'द'सारखं), आपल्याकडे ते नाही म्हणून विसरतं, 'मे गुस्ता फोतोग्राफिआ' नको, 'ला फोतोग्राफिआ' हवं.

गडवाट_पुणे
मलाही-मीही वाचून अक्षरशः उडालोच, सहा महिने हेच चुकतंय माझं!! बघा जमलंय का: मे आपासिओनान लोस फुएर्तेस, येवो ओचो आन्योस सुबिएन्दो मोन्तान्यास. म्हणजे मला गडांचं वेड आहे, आठ वर्षं डोंगर चढतोय.

वालेन्सियाकर
मस्त जमलंय. ते येवो तर फारच छान, वर्षं सांगितली की आवड आपोआप दिसते. आता राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून धुकं सरताना काय दिसतं ते दोन वाक्यांत सांग, परवापर्यंत इथे टाक, मी तपासते.