शाळेत मार कोणाला बसायचा, आणि का? अनुभव सांगा

कृष्णाकाठ
परवा गावी लग्नात शाळेतले शिपाईकाका भेटले. हातातलं ताट तसंच धरून म्हणाले, "बाळा, प्रयोगशाळेची ती काच तू फोडली नव्हतीस. हेडसरांना त्याच दिवशी ठाऊक होतं."

२००३ची गोष्ट, मी आठवीत. काच फोडली संस्थेच्या सचिवांच्या पुतण्याने. परिपाठाला अख्ख्या शाळेसमोर दहा छड्या बसल्या मला. मारलं गणिताच्या सरांनी. सर तेव्हा शिक्षणसेवक, तीन वर्षं मानधनावर. पुढे कायम होणार की घरी बसणार, ते संस्थेच्या मर्जीवर. काका म्हणाले, सरांनी ऑफिसात दोनदा सांगितलं होतं की पोरगा त्या वेळी माझ्या वर्गात होता. त्यावर हेडसर म्हणाले, "बाप हमाल आहे ना त्याचा? कोण येतंय विचारायला."

वीस वर्षं सरांवर राग धरून होतो. आता त्या रागाचं काय करू कळत नाही. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर लिहा. शिक्षक असाल तर तुम्हीही लिहा.

ड_तुकडी
अ तुकडीत कंपासपेटी हरवली की दप्तरं आमची उपसायचे. एकदा पेटी अ तुकडीतच बाकाखाली सापडली. चुकलं असं कोणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी परत आम्ही वर्गाबाहेर अंगठे धरून, "आवाज येत होता" म्हणून. नवीन सर पहिल्याच दिवशी पट्टी घेऊन वर्गात आले. आम्ही तोवर एक शब्द बोललो नव्हतो.

माजी_बाई
मी शिक्षणसेविका होते म्हणून लिहिते. दुसऱ्याच दिवशी स्टाफरूममध्ये जुन्या बाईंनी बजावलं, तिसऱ्या बाकावरचा मुलगा अध्यक्षांच्या घरचा आहे, त्याच्या वहीत लाल शेरा नको. त्यात पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पद जातं आणि अतिरिक्त ठरतो तो सगळ्यात नवा. मग माझा आवाज चढायचा तो ज्यांचे पालक कधी शाळेत येत नाहीत त्यांच्यावरच.

एक मुलगा पहिल्या तासाला पेंगायचा. मी त्याला आळशी ठरवून महिनाभर मागे उभं केलं. पहाटे चारला उठून घरोघरी दूध घालायचा तो. मला हे वर्गातल्या एका मुलीने सांगितलं. मी माफी मागितली त्याची, पण महिना गेला तो गेलाच.

कृष्णाकाठ, तुमच्या सरांची बाजू घेत नाही. छड्या तुम्हाला बसल्या.

गुरुजी_झेडपी
बाईंशी सहमत. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ला १६ हजार झालं, त्याआधी ६ हजार होतं. सहा हजारात घर चालवणाऱ्याने हेडसरांशी भांडायचं कशाच्या जोरावर?

गवतीचहा
शिपाईकाका वाचून आमचे काका आठवले! घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला. उशीर झालेल्या मुलांसाठी फाटक जरासं उघडं ठेवायचे.

ड_तुकडी
आमच्याकडेही रूळच. खेळ रंगला असला की सुट्टी संपल्याची घंटा काका दोन मिनिटं उशिरा द्यायचे.

माळरान
चौथीत माझ्या शेजारी पारधी वस्तीवरची मुलगी बसायची. वर्गात काहीही हरवलं की बाई आधी तिलाच, "दप्तर आण इकडे." नंतर नंतर बाईंनी नाव घ्यायच्या आधीच ती उठून दप्तर टेबलावर नेऊन ठेवायची. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ला रद्द झाला. आमच्या वर्गात १९९४लाही तो चालूच होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. एकदा माझं खोडरबर हरवलं होतं तेव्हाही ती अशीच उठली होती. ते घरी सापडलं मला. मी कोणाला सांगितलं नाही.

ओवी
माळरान, गलबललं वाचून. पोळ्या टाकतेय, नंतर लिहिते.

दोघांची_आई
आता बदललंय असं समजू नका. मुलाचा प्रवेश आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, गरीब-वंचित मुलांसाठी राखीव २५ टक्क्यांतून झाला. वर्गात दंगा झाला की बाई म्हणतात, "आरटीईवाले, उभे राहा." तो आता शाळेचं नाव काढलं तरी पोट दुखतं म्हणतो. मी बोलायला गेले तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, मारत तर नाही ना कोणी.

गुरुजी_झेडपी
ताई, त्याच कायद्याचं कलम १७ वाचा. शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, २०१० पासून. तोंडी बोलू नका. तारखा घालून अर्ज लिहा, पोच घ्या, एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. दाद मिळाली नाही तर राज्याच्या बालहक्क आयोगाकडे जाता येतं.

दोघांची_आई
पोच घ्यायची हे माहीत नव्हतं. उद्याच लिहिते.

माजी_बाई
मसुदा इथे टाका, मी बघते.

कृष्णाकाठ
सगळं वाचलं. माळरान, तुमचं दोनदा. काकांनी सरांचा नंबर दिलाय. अजून फोन केला नाही. काय म्हणून सुरुवात करू?

गुरुजी_झेडपी
नाव आणि दहावीची बॅच सांगा, पुढचं सर बोलतील. शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारनंतर करा.