बाजार समितीची फी निम्मी करायची का? माझं मत, नाही

उन्हाळकांदा:
सप्टेंबर २०२३ मधे नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी जवळपास दोन आठवडे कांद्याचे लिलाव बंद ठेवले होते. ४० टक्के निर्यात शुल्क काढा म्हणत होते, त्याला माझाही पाठिंबा होता. पण सोबत अजून एक मागणी होती, बाजार फी शंभराला १ रुपया आहे ती ५० पैसे करा. परवा पारावर परत तोच विषय निघाला म्हणून लिहितोय. २५ क्विंटलचा ट्रॅक्टर धरा, भाव १६०० धरा, झाले ४० हजार, त्याची फी ४०० रुपये आणि तीही खरेदीदार भरतो. ताज्या कांद्याला जीएसटी नाही, शेतीला आयकर नाही, मग आपल्या तालुक्यात पिकलेल्या मालातून तालुक्यातच राहणारा पैसा दुसरा आहे कुठला? तोही निम्मा केला तर आवारातले रस्ते, काटे, शेड कोण करणार?

चाळवाला:
खरेदीदार भरतो हे पावतीवर हो. बोली लावताना फी, अडत म्हणजे अडत्याचं कमिशन, हमाली, गोणी, गाडीभाडं सगळं धरूनच तो आकडा बोलतो. २०१६ ला अडत शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली, तेव्हा त्यानं काय खिशातून दिली का? आणि सोयी म्हणाल तर मी मागच्या पावसात रात्रभर ट्रॉलीवर ताडपत्री धरून बसलो होतो, शेड भरलेलं, प्यायला पाणी नाही. समितीचं नाव घेत नाही पण फी मात्र पूर्ण घेतात ना? करा निम्मी.

उन्हाळकांदा:
दादा तुमचा त्रास खरा आहे, पण ५० पैसे कमी झाले म्हणून बोली वाढेल असं वाटतं का तुम्हाला? २०० रुपये वाचणार आणि तेही व्यापाऱ्याचे. आपलं खरं नुकसान ८ डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीनं झालं, भाव कोसळले, ४ मे २०२४ पर्यंत बंदी उठली नाही. त्यापुढे ही फी म्हणजे काहीच नाही.

माळकरी_शेती:
दोघांनाही सांगतो, भांडण फीचं नाहीच. समितीत १८ संचालक, त्यातले ११ जण गावोगावच्या कर्जपुरवठा सोसायट्यांचे संचालक निवडणार, ४ जण ग्रामपंचायत सदस्य निवडणार, २ व्यापारी निवडणार, १ हमाल आणि माल मोजणारे मापाडी निवडणार. ज्यानं कांदा विकला त्याला मतच नाही. २०१७ ला १० गुंठेवाल्या शेतकऱ्याला थेट मत दिलं होतं, २०२० ला काढून घेतलं. मग पाणी नाही म्हणून पाडायचं कोणाला?

चाळवाला:
थेट मतदानाचा खर्च लाखोंत जातो भाऊ, लहान समित्या तर त्यातच बुडतील, काढलं त्याला तेच कारण होतं.

माळकरी_शेती:
खर्च होतो, मान्य. पण ग्रामपंचायतीची निवडणूक खर्च होतो म्हणून कोणी बंद करतं का? फी पूर्ण घ्या, माझी काही हरकत नाही, फक्त वर्षाला किती जमली आणि त्यातली आवारावर किती लागली ते लिलावाच्या जागी फलकावर लिहा.

उन्हाळकांदा:
हे पटलं. फलकाची मागणी आपण ग्रामसभेच्या ठरावात घेऊ, ग्रामपंचायतींचे सदस्य तिथे चार संचालकांचे मतदार आहेतच, त्यांना तरी उत्तर द्यावं लागेल. फी निम्मी करायला माझा विरोध मात्र कायम.

चाळवाला:
ठरावाला मी येतो. फलक लागला आणि त्यावर पाण्याच्या टाकीचा खर्च दिसला की मग फीबद्दल परत बोलू.